मोगलाईच्या चाकोरीची दमणी

माघ शुद्ध ९, शके १८४९

गंगूच्या सासरहून पत्र आलं. मोडीत आहे. मला बाळबोध तेवढं येतं, तेही पोथ्या चाळून माझं मी शिकलेलं. म्हणून शाळेच्या मास्तरांकडे नेलं. त्यांनी वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं तरी तेच निघालं.

बाळंतपणाला दोन महिने झाले. मूल गेलं हे आधीच कळलं होतं. आता पोरीचे पाय उचलत नाहीत. बसवलं तर कमरेत कळ येऊन शुद्ध जाते. "नेणे असल्यास माघ संपण्याचे आत न्यावी. फाल्गुनात आमचे येथे कार्य आहे."

कार्य म्हणजे जावयाचं दुसरं लग्न. मास्तरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एकच लेक. एकोणिसावं सरलं तिचं.

माघ शुद्ध १०

पैनगंगा उतरून मोगलाईत, निजामाच्या मुलखात जायचं. चार मुक्काम जायला, चार यायला. मोटार वाशीमच्या पक्क्या सडकेवर फिरते, तिकडे नाही. तिकडे शेतं, नाले आणि काळ्या मातीची ढेकळं. धडधाकट माणूस बसून आलं तरी दोन दिवस अंग दुखतं. ग. ला निजवून आणायची आहे.

गोठ्यामागची दमणी, छपराची हलकी बैलगाडी, ओढून काढली. गंगूचे वडील गेले तेव्हापासून सहा वर्षं तशीच उभी होती. छपराच्या कामट्या वाळवीने खाल्ल्या आहेत. चाकं मात्र शाबूत. त्यांनी स्वतः उभं राहून करवून घेतलेली. चाकाच्या आरीला हात लावला आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिले. काम झालं नाही.

संध्याकाळी भाऊजींकडे गेले. नामदेव माझे धाकटे दीर, बैल त्यांचे. ज्वारीचं खळं चालू आहे.

"वयनी, खयं उघडं पडलं हाय. बैल कुठून देऊ? अन् दिल्या घरची पोरगी. गाडी करून धाडाची तं त्याइनं धाडाव. आपन काहून?"

"ते धाडून राह्यले का?"

ते बैलांच्या पुढ्यात कडबा टाकत राहिले.

माघ शुद्ध १२

छपराला नवा तट्ट्या बांधला. वंगणाचं नळकांडं सापडलं, आतलं वाळून दगड झालेलं. तिळाचं तेल घालून मऊ केलं.

रहेमानभाई दारावरून चालले होते. सरकी घेऊन मोगलाईत जातात, सगळ्या वाटा त्यांच्या पायाखालच्या. दमणीकडे पाहून थांबले.

"भाभी, कुठं निघाली सवारी?"

सांगितलं. मग ते हसले नाहीत. खाली वाकून दोन चाकांमधलं अंतर वितीने मोजलं.

"इच्या चाकाची चाकोरी इकडची हाय. तिकडची रुंद असते. एक चाक चाकोरीत जाईल, दुसरं कडेवर. दमनी तिरपी चालते. बसलेला मानूस दांडा धरते. निजलेला काय धरन?"

हे मला ठाऊकच नव्हतं. गंगूच्या वडिलांना ठाऊक असणार, पण ते कधी बोलले नाहीत. विचारायला आता कोण आहे.

रहेमानभाईंजवळ सुतळी दिली. म्हटलं, तिकडच्या चाकोरीचं माप घेऊन या, दोन गाठी मारा. आणि जमलं तर ग. ची खबर.

"जमलं तं नाई, आनतोच," म्हणाले.

माघ पौर्णिमा

ग. ला हादरा बसू नये याचा विचार दोन दिवस करते आहे. पेंढा कितीही घाला, खालून दणका येतोच. आज सुचलं. बाज दमणीत ठेवायची नाही, टांगायची. छपराच्या चार खांबांना चार दोर, पाळण्यासारखी. लहान बाज हवी होती. जाऊबाईंकडे त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची होती, ती मागून आणली.

बांधली आणि स्वतः निजून पाहिलं. भाऊजींचा गडी बैलांना पाणी दाखवून परत नेत होता. त्याला म्हटलं, एक फेरी मार, नांगरलेल्या वावरातून. बाज इतकी झुलली की डोकं खांबावर आपटलं आणि मला ओकारी आली. खाली उतरून पुन्हा बांधली. चार दोर पुरत नाहीत, दोन्ही बाजूंना आडवे ताण हवेत. तिसऱ्या फेरीला बरं वाटलं.

जाऊबाई कुंपणाशी उभ्या होत्या.

"जित्तेपनीच तिरडीवर निजली व माय! काय इपरीत हे."

"तिरडीले ताण नसते बांधत," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. मागून एक गोधडी पाठवली, मऊ धुतलेली.

माघ वद्य ५

रहेमानभाई आले. सुतळीला दोन गाठी. आधी ग. चं विचारलं.

"जिती हाय." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन मग पुढचं. ते आत गेले नाहीत, विहिरीवरच्या बायांकडून ऐकलं. गोठ्याच्या वळचणीला निजवली आहे. घर कार्यासाठी सारवून रंगवून ठेवलंय म्हणून. एक म्हातारी भाकर नेऊन देते.

थंडी अजून आहे. गोठ्यात वारा लागतो. लहानपणी पांघरूण लाथाडायची, आता पाय हलत नाहीत तर...

सुतळी घेऊन तशीच गणपत सुतारांकडे. नवा लांब आख करायचा, दोन्ही चाकं ज्यावर फिरतात तो. सुकलेली बाभूळ त्यांच्याकडे होती. म्हणाले, "माप आतून आत धराचं का बाहीरून बाहीर?"

मी म्हटलं, "आतून आत." आमच्याकडे तसंच धरतात. एका चाकोरीच्या आतल्या कडेपासून दुसरीच्या आतल्या कडेपर्यंत.

माघ वद्य १०

आख होतो आहे. गणपतराव सावकाश माणूस. रोज दोनदा जाऊन बसते. आज म्हणाले, "वयनी, तुमी अशा पाहून राह्यल्या की बाभूय घाबरून चिरते."

चिवडा, पिठलं करायला बेसन, वाळवलेल्या भाकरीचा चुरा, गूळ, सुंठ. मुक्कामाला तीन दगड मिळतीलच, तवा बरोबर. पाण्याच्या दोन चामडी पखाली तेलाने मळून ठेवल्या. ग. ला बसवता येत नाही, म्हणून पाणी पाजायला बोंडल्याची झारी. तान्ह्याची झारी. ती हातात घेऊन दुकानात उभी राहिले तेव्हा दुकानदाराने विचारलं, नातू का नात?

पैसे मोजले आणि निघाले.

बैलांचं अजून ठरलेलं नाही.

माघ वद्य १३

आज आख बसला. चाकं चढवली. दमणी रुंद पाय फाकून उभी राहिली. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. सहा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, मी एक गोष्ट नीट केली.

तेवढ्यात रहेमानभाई पाहायला आले. आधी हसले. मग चाकाकडे वळले. खाली बसून वितीने मोजलं. पुन्हा मोजलं.

"भाभी, ही कोनत्या मुलखाची चाकोरी बनवली?"

त्यांनी गाठी बाहेरून बाहेर मारल्या होत्या. गाडीवान तसंच मोजतात म्हणे, नाक्याच्या खांबांतून गाडी निघते की नाही ते बाहेरच्या मापावर ठरतं. आम्ही आतून आत धरलं. दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त. ही दमणी इकडच्या चाकोरीत बसत नाही आणि तिकडच्याही.

गणपतरावांनी विचारलं होतं मला. नेमकं हेच विचारलं होतं. मी उत्तर दिलं, रहेमानभाईंना विचारलं नाही. दोघं एका गावात राहतात, शंभर पावलांवर.

गणपतराव म्हणाले, "लांब झालं ते बरं झालं. आखूड झालं असतं तं नवं लाकूड पाहा लागलं असतं. कापता येते. पन उद्या शिवरात्र, मी जत्रेत. परवा अमुशा."

अवसेला सुतार हत्याराला हात लावत नाहीत. त्यांच्या बापानेही लावला नाही.

परवा माघ संपतो, आणि वाट चार मुक्कामांची.

माघ वद्य १४, शिवरात्र

उपास. दिवसभर दमणीजवळ. दोर सोडले, पुन्हा बांधले. करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

अवस

सकाळी गणपतरावांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, तुम्ही हात लावू नका, हत्यारं द्या.

"हत्यार देनं म्हंजे हात लावनंच झालं."

"मग मी घेते. तुमी तिकडं तोंड करा."

त्यांनी तोंड फिरवलं. मी करवत आणि तासायचा वाकस उचलून घरी आणलं. थोड्या वेळाने ते आमच्या अंगणात येऊन लिंबाखाली बसले, हात मांड्यांखाली दाबून.

"आमचे हात बांधले हायेत. तोंड नाई बांधलं."

मग दिवसभर ते बोलले, मी कापलं. दोन्हीकडून चार-चार बोटं. जिथे चाक फिरतं तो भाग नव्याने गोल करायचा. "जोर नको, वाकसाचं वजनच पडू द्या. हं. आता अलीकडं. अलीकडं म्हनलं, पलीकडं नाई! कुकू लावते तशी हलकी चाल." बोलून गेले आणि जीभ चावली. मी म्हटलं, चालू द्या.

डाव्या तळहाताची कातडी गेली. एक बाजू जरा ओबड. गणपतरावांनी लांबूनच डोळा लावला आणि म्हणाले, फिरेल.

रहेमानभाईंनी चाकं चढवायला मदत केली. मोजून मान हलवली. या वेळी मी दोनदा विचारलं, बाहेरून बाहेर ना?

दिवस मावळला. माघ संपला. ग. ला गोठ्यातून कुठे हलवलं असेल?

फाल्गुन शुद्ध १

उजाडता अंगणात घुंगरं वाजली. भाऊजी दोन्ही बैल घेऊन उभे. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी.

"खळ्याचं काय?" मी म्हटलं.

"खयं कुठं पयून जाते?" आणि मग, दमणीखाली वाकून पाहत, "हे एका अंगाले उंदरानं कुरतडलं का?"

"मी केलं."

"दिसतेच."

जाऊबाई नदीपर्यंतच्या भाकऱ्या घेऊन आल्या. आमच्या चाकोरीत दमणी बसत नाही म्हणून भाऊजी वावरांच्या धुऱ्याने, बांधाच्या कडेने, ढेकळांतून हाकत होते. रिकामी बाज मागे झुलत होती. दर दणक्याला मी वळून पाहत होते, ती दांड्याला लागते का. एकदाही लागली नाही.

मुक्काम एका नाल्याच्या काठी. पिठलं केलं. भाऊजी म्हणाले, गंगी लहान होती तेव्हा मी तिले खांद्यावर घेऊन पोयाचे बैल पाहाले नेलं होतं. माह्या कानाले धरून बसली होती. एवढं बोलून ते बैलांकडे गेले.

फाल्गुन शुद्ध २

आज चाललो फक्त. मुक्कामी डाव्या हाताला फडकं बांधलं. लिहिता येतं, कारण उजवा बरा आहे. उद्या नदी.

फाल्गुन शुद्ध ३

पैनगंगा उतरलो. पाणी बैलांच्या गुडघ्याला. पलीकडच्या चाकोरीत दमणी अशी बसली की भाऊजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर कारकुनाने बाज पाहिली. "माल काय?"

भाऊजींनी सांगितलं, काही नाही, आजारी लेकीला आणायला चाललो.

"अजून एक?" तो म्हणाला.

मी खाली उतरले. विचारलं, अजून एक म्हणजे?

काल दुपारी नदीच्या खालच्या उताराने एक गाडी पलीकडे वऱ्हाडात गेली. आजारी बाई निजवलेली, बरोबर दोन पुरुष. तिच्या माहेरी पोचवायला निघाले होते. गाव कोणतं? माहीत नाही. बाईचं नाव? "माणसावर जकात नाही, बाई. आम्ही माल लिहितो." वय? तोंडावर पदर होता. तरणी की म्हातारी? शिपायाला विचारलं, त्याने सांगितलं, कण्हत होती तेवढं ऐकलं.

गाडी साधी होती, उघडी. खाली पेंढा.

ती ग. असेल, तर आम्ही इथे आणि ती तिकडे, दणके खात, एका रिकाम्या घराच्या दिशेने. आणि ती ग. नसेल, तर ग. अजून गोठ्यात आहे, नाहीतर आणखी कुठे, आणि माघ संपून तीन दिवस झाले. पुढे दोन मुक्काम. मागे दोन मुक्काम. दमणी एक.

भाऊजी दमणीवरून उतरून माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "वयनी, तुमी सांगा. कोनीकडं?"

मी म्हटलं, तुम्ही पायी मागे जा. उघडी गाडी सावकाश चालते, तुम्ही गाठाल. ग. असेल तर तिथेच थांबवून धरा, हलवू नका. मी पुढे जाते. मागे गेलेल्या बाईजवळ, ती कोणी असो, निदान दोन माणसं आहेत.

"बैल तुमी कधी हाकले?"

"कधी नाई."

त्यांनी वाद घातला नाही. बैलांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. मला दाखवलं, डावा बैल भित्रा आहे, त्याला शब्दाने न्यायचं, उजव्याला दोरीने. मी फडक्यात भाकरी बांधून दिली. धोतर वर खोचून ते पाण्यात उतरले. मध्यावर एकदा थांबले, पण वळले नाहीत. आता पलीकडच्या काठावर चढताना दिसतात.

बैल जुंपलेले आहेत. इथून पुढे लिहिणं होणार नाही. कासरा धरायला दोन्ही हात लागतात.