सरलाआत्याच्या झोपाळ्याची अर्धी पट्टी

चंदीगड,
घटस्थापनेचा आदला दिवस

तीर्थस्वरूप सरलाआत्या हिच्या चरणी यतीनचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुझा गुडघा, तुझी तुळस आणि तुझा राग कसा आहे ते कळव. (पहिली दोन बरी असतील अशी आशा. रागाची प्रकृती ठणठणीत आहे, हे तू माझा फोन कट केलास तेव्हाच कळलं, म्हणून तर हा पत्रप्रपंच.) कश्मिरा नमस्कार सांगते. या प्रकरणात तिचा काडीचाही हात नाही, हेही सुनेच्या नात्याने तिने लिहायला लावलं आहे.

मिरजेहून शिशिरने पट्ट्यांचा फोटो पाठवला. माझा सख्खा धाकटा भाऊ, पण आनंद त्याला भाऊबंदकीतला झालेला दिसला. पट्ट्या अर्ध्या आल्या आहेत, हे मी मान्य करतो. पण अर्ध्या आल्या म्हणजे चुकल्या, असा जो समज तू करून घेतला आहेस तो घाईचा आहे. नव्या फ्लॅटमध्ये झोपाळा टांगल्याशिवाय मी पाऊल ठेवणार नाही, अशी तू प्रतिज्ञा केलीस, वास्तुशांत दसऱ्याची ठरली, आणि छताचा हूक व झोपाळ्याच्या कड्या यांना जोडणारी पट्टी, दोन बाजूंना दोन, किती भार पेलेल हे तपासायचं काम तू विश्वासाने माझ्यावर टाकलंस. आयटी पार्कमध्ये बसून मी दिवसभर हेच करतो. लोकांनी काढलेली चित्रं घ्यायची, त्यांच्यावर संगणकात भार टाकायचा आणि कुठे तुटेल ते सांगायचं. घरचं काम म्हणून मी त्यात जरा जास्तच जीव ओतला, एवढाच काय तो माझा गुन्हा.

आता चित्र म्हणजे काय असतं ते ऐक. मिरजेच्या कारखानदाराने पाठवलेली फाइल मी उघडली, तर पट्टी इंचात आणि माझा प्रोग्राम मिलिमीटरमध्ये. त्यामुळे तुझा झोपाळा पहिल्यांदा उघडला तो बाहुलीचा. ते निस्तरलं, तर पट्टी तिरकी उभी. हा प्रोग्राम फक्त जमिनीवर सपाट निजलेली आकृती ओळखतो, म्हणून तिला निजवली. मग भोवतीची चौकट, मापांचे बाण आणि कोपऱ्यातलं ‘श्रीमती सरलाबाई’ हे नाव पुसलं, कारण प्रोग्रामला अक्षर कळत नाही, प्रत्येक रेघ त्याला लोखंडाची कड वाटते. (नाव पुसताना मनात काही नव्हतं.) रेघांवर रेघा होत्या, त्या वेचून काढल्या. आणि एवढं करूनही तो म्हणे, आत लोखंड भरत नाही! का, तर कडेला एका जागी केसाएवढी फट. डोळ्यांना दिसत नाही, पण कुंपण पुरतं बंद झाल्याशिवाय हा पठ्ठ्या आत पाऊल टाकत नाही. या बाबतीत तो थेट तुझ्या वळणाचा आहे.

फट सांधली. मग वरची दोन बारीक भोकं बुजवली, कारण ती भार घेत नाहीत, नुसती गणित वाढवतात. आणि शेवटी, आत्या, मी पट्टी उभी मधोमध कापली. हा वेडेपणा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. डावी बाजू उजवीसारखीच असेल तर एकच तपासायची, दुसरी तीच. त्यातून मी राहतो ते शहर असं की रस्ते पट्टीने आखलेले आणि एक चौक पाहिला की पुढचा न पाहता सांगता येतो. इथे राहून माणसाला अर्ध्यावर भागवायची सवय लागते. अर्ध्या पट्टीने भार लीलया पेलला. मी खूश झालो आणि त्या आनंदात तीच फाइल ‘सरलाआत्या फायनल’ नावाने शिशिरला धाडून दिली. कारखानदाराने लेझरवर चोख तेवढीच कापली. बिचाऱ्याला वाटलं असेल, चंदीगडचा इंजिनियर आहे, काहीतरी विचार केला असेल.

ऑफिसातल्या हरलीन मॅडमना फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघून म्हणाल्या, “यतीन जी, बाकी आधा कूरियर से आ रहा है?” या शहरात दुःख समजून घेणारं माणूस नाही. पण तू निश्चिंत राहा. हिशेब पक्का आहे. मी इकडेच दोन अख्ख्या पट्ट्या कापून घेतल्या आहेत, कापायच्या आधी फाइल कश्मिराला दाखवली आहे (तिने बोटाने दोन्ही बाजू मोजल्या), आणि दसऱ्याच्या आत मी स्वतः घेऊन येतो.

तुझा लाडका, आणि अजूनही इंजिनियर,
यतीन

ता. क. ती दोन बारीक भोकं पट्टीवर पितळी कमळ बसवण्यासाठी होती, हे शिशिरने नंतर सांगितलं. आतोबा होते तेव्हा त्यांनी स्वतः निवडलेलं कमळ, आणि मी ते ‘कामाचं नाही’ म्हणून बुजवलं, याचं मात्र मनापासून वाईट वाटलं. नव्या पट्ट्यांत ती आहेत.

पुन्हा ता. क. अर्ध्या पट्ट्या शिशिरच्या हाती राहू देऊ नकोस. तो त्या वास्तुशांतीला मांडून ठेवेल.

शेवटचा ता. क. मी तू झोपाळ्याच्या मधोमध बसशील असं धरून चाललो होतो. म्हणजे निम्मा भार इकडे, निम्मा तिकडे. फोन आपटण्याआधी तू म्हणालीस, “मधे कशी बसेन रे? पलीकडची जागा यांची आहे.” त्या रात्री मी सगळा भार एकाच पट्टीवर टाकून हिशेब पुन्हा केला. पट्टी टिकते. प्रोग्राम टिकते म्हणतो, मीही म्हणतो. तरी एक ऐक, आत्या, यासाठीच एवढं लिहिलं. मी आल्याशिवाय झोपाळ्यावर बसू नकोस. आधी मी बसेन, आतोबांच्या बाजूला, तू चालेल म्हणालीस तर. चांगले मोठे झोके घेईन. नाही पडलो, तर मग तू तुझ्या जागेवर येऊन बस.