माझ्या भांड्यांवरचा आळ

रविवार, संध्याकाळ

आमच्या टेम्पोतल्या फिरत्या घराला जिंतूरपासून खटखट लागली होती. हे एकच म्हणत राहिले, "तुझी भांडी वाजायलीत." चिडून आज सगळी भांडी उतरवली. तरी खटखट तीच! मग चाकांना दगड लावून मीच गाडीखाली शिरले. मागच्या स्प्रिंगचा पाटा धरणाऱ्या बोल्टचा नट चक्क हातानं फिरला. हातानं! आणि उद्या नातीला घेऊन निघायचं होतं?

पान्यानं सगळे नट आवळले. नट सरकला तर कळावं म्हणून प्रत्येकावर बोल्टपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढली. पेडगावपर्यंत जाऊन आलो, खटखट बंद! परत खाली शिरले. रेघा जागच्या जागी.

भांडी चढवताना हे हळूच म्हणाले, "मधे फडकी कोंबू का?"

काही नको. उद्या वाजू द्या त्यांना खुशाल.