तुमचं मराठी बोलणारं गाव

अप्पा, तुमच्या बहिणीच्या घरात, वरच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. खाली आत्या भाजी चिरता चिरता शेजारणीशी बोलते आहे. शेजारीण तमिळमधून विचारते, आत्या मराठीतून उत्तर देते, मधेच दोघींच्या भाषांची अदलाबदल होते, आणि त्यांना ते कळतसुद्धा नाही. मला इथे येऊन चौदा महिने झाले. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. तुम्ही असताना तुमचं बोलणं मी इतकं मन लावून कधी ऐकलं नाही. इथे ते भाजीवालीपासून बँकेपर्यंत कानावर पडत राहतं, आणि दर वेळी मी मान वळवून पाहते.

मी मस्कत सोडलं. जन्म तिथला, शाळा तिथली, दातांच्या दवाखान्यातली तीस वर्षांची नोकरी तिथली. पण नोकरी संपली की व्हिसा संपतो, हे तुम्ही मला पहिल्या पगाराच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. दवाखाना दुसऱ्या मालकाकडे गेला, त्याला नवी माणसं हवी होती. धाकटा भाऊ म्हणाला, कॅनडाला माझ्याकडे ये, पण त्यासाठीचे माझे कागद व्हायला वर्ष लागणार होतं. तेवढे दिवस कुठे राहायचं, या विचारात असताना आत्याचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "मी एकटीच आहे, तू एकटीच आहेस. ये." घराची किल्ली परत द्यायला गेले तेव्हा घरमालकाच्या मुलाने कहवा पाजला, खजूर पुढे केले. तो मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतो. "पुन्हा ये," म्हणाला. येणार ते पाहुणी म्हणून, थोड्या दिवसांच्या व्हिसावर, हे दोघांनाही ठाऊक होतं. विमानातून खाली तपकिरी डोंगर दिसेनासे झाले तेव्हा मला रडू आलं नाही. नुसतं रिकामं वाटलं, भांडी काढून घेतलेल्या फडताळासारखं.

मस्कतच्या घरातला शुक्रवार आठवतो. आईला सुट्टी म्हणून स्वयंपाक तुमच्याकडे. तुम्ही कमरेला पंचा गुंडाळून डांगर पच्चडी करता आहात, ताकात उडदाचं पीठ कालवता आहात, आणि मागे न बघता मला म्हणता, "करंडी आण." मी पाच-सहा वर्षांची असेन. आत जाऊन आईचा कुंकवाचा करंडा घेऊन येते. तुम्ही करंड्याकडे बघता, माझ्याकडे बघता, आणि कट्ट्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसता. तुम्हाला ढवळायला डाव हवा होता. आई बाहेरून म्हणते, "अहो, मुलांना नीट मराठी शिकू द्या." आई साताऱ्याची, तुम्ही तमिळ मुलुखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. घरात नीट मराठी म्हणजे तिचं, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. तुमचं अवघे, कोठे, बैस, पुसलें, आणि वाक्याच्या शेवटी वर चढणारा तुमचा सूर, हे सगळं आम्ही तुमच्या तपकिरीच्या सवयीसारखं चालवून घेत होतो.

मग त्या संध्याकाळचं. मी तेरा वर्षांची होते. मस्कतच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, पाहुण्यांचे आभार मानायला तुम्हाला उभं केलं होतं. तुम्ही म्हणालात, "अवघे दूरदुरून आलां, बैसलां, आम्हांस निकें वाटलें." पुढेही दोन-चार वाक्यं बोललात, टाळ्या झाल्या, तुम्ही खाली उतरलात. गाडीत मी तुम्हाला म्हटलं, "अप्पा, लोक हसत होते. तुम्ही तिथे मराठी बोलत जाऊ नका. इंग्रजीत बोला." सिग्नल सुटला, तुम्ही गाडी पुढे काढलीत. मग "बरें," म्हणालात. खरं सांगायचं तर कोणी हसलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एक बाई कौतुकाने मान डोलावत होत्या, ते मी पाहिलं होतं. लाज फक्त मला वाटली होती, आणि एकटीची लाज पुरेशी वाटेना म्हणून मी ती सगळ्या सभागृहाच्या नावावर केली. त्यानंतर तुम्ही मंडळात कधी मराठी बोलला नाहीत. घरीही हळूहळू माझ्याशी इंग्रजीच. मला तेव्हा वाटलं, सुटले.

इथे आले तो पहिला दिवस. आत्या दारात उभी, तुमच्यासारखेच कान मोठे, तुमच्यासारखीच डावीकडे किंचित कललेली. म्हणाली, "आलीस? दमलीस? पाय आणते, बैस." मी माझ्या पायांकडे बघते आहे, तिच्या पायांकडे बघते आहे, तोवर ती आत जाऊन गवती चटई घेऊन आली. मी हसायला लागले आणि थांबताच येईना. तिला वाटलं, प्रवासाने पोरीचं डोकं फिरलं. मी तिला करंड्याची गोष्ट सांगितली तेव्हा तीही हसली, आणि मग म्हणाली, "दादा कसा होता गे तेथे? बोलायचा का?" मी म्हटलं, कमी बोलायचे. ती म्हणाली, "आमचा दादा? येथे त्यास गप्प करायला अम्मा पैसे द्यायची."

आठवड्याने खातं उघडायला बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाशी मी मोडक्या तमिळमध्ये झगडत होते. त्याने माझ्या फॉर्मवरचं तुमचं आडनाव वाचलं, चष्मा वर केला आणि अगदी तुमच्या चढत्या सुरात म्हणाला, "तुम्ही आमच्यांतल्या का? मग मराठीच बोला की. कोठे होतां इतके दिवस?" मी तिथल्या बाकावर बसले. अप्पा, मी बावन्न वर्षांची बाई, त्या दिवसापर्यंत मनात कुठेतरी असंच धरून होते की तसं मराठी जगात एकच माणूस बोलतो आणि तो चुकीचं बोलतो. त्या माणसाने मला पाणी आणून दिलं. मी बोलायला लागल्यावर मात्र त्याला हसू आवरेना. त्याने शेजारच्या बाईंना बोलावलं, "ऐका, ह्या टीव्हीतल्यागत बोलतात."

मग मी हिंडायला लागले. सकाळी मोठ्या देवळाच्या अंगणात दगड तापायच्या आत जाऊन बसते. कालव्याच्या कडेने चालते. कालव्यात पाणी असतं, उघड्यावर, वाहतं, कोणी त्यावर झाकण ठेवलेलं नसतं, याची मला अजून सवय होत नाही. पाण्याच्या टँकरच्या हॉर्नवर मोठी झालेली मी. पहिल्या महिन्यात तर नुसती उभी राहून बघायचे. सायकलवरची माणसं थांबून विचारायची, काही पडलं का पाण्यात?

एका दुपारी आत्याने कापडी पिशवीतून तुमची पत्रं काढली. मला वाटलं तमिळमध्ये असतील, अक्षरं तमिळच होती. आत्या वाचायला लागली आणि त्यातून मराठी बाहेर आलं. देवनागरी तुम्हाला अडखळत यायची, तिला तर येतच नाही. तमिळमध्ये क आणि ग ला एकच अक्षर, त्यामुळे ती "केलों" वाचायची, थांबायची, "नाही गे, गेलों," म्हणायची आणि पुढे जायची. भाव, हवा, माझ्या परीक्षा, आईचा गुडघा. मग एका पत्रात हे आलं. मी तिला तीनदा वाचायला लावलं, म्हणून पाठ झालंय: "पोर निकें मराठी बोलते. मज चूक दाखविते. मी तिजपुढे इंग्रजीच बोलतों, म्हणजे तिचें मराठी बिघडायचें नाही." आत्याने पत्राची घडी केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वेडा होता दादा. तुझी आठवण निघाली की त्यास शहाणपण राहायचें नाही." तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी वाटलं. आता वाटत नाही. तुम्ही रागावून गप्प झालात असं मी इतकी वर्षं समजत होते. तुम्ही तर मला काहीतरी देत होतात.

तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी आत्या मला कावेरीवर घेऊन गेली. या दिवशी इथे बायका नदीला आलेल्या नव्या पाण्याची पूजा करतात. तुम्ही सांगायचात, आमच्याकडे अर्ध्या तासाच्या रस्त्यात पाच नद्या ओलांडाव्या लागतात, आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून हसायचो. आम्हाला नदी म्हणजे कोरडा 'वाडी', पावसापुरता वाहणारा तिथला ओढा, आणि त्यातले गोटे. बस निघाली. आत्या मांडीवर डबे घेऊन बसलेली, मी खिडकीशी. पहिला पूल आला. दुसरा आला. दोन्ही बाजूंना भाताची रोपं, इतकी हिरवी की डोळ्यांना आधी खरी वाटेनात. तिसऱ्या पुलावर मी बोटांवर मोजतेय हे आत्याने पाहिलं. पाचव्या पुलाखाली दोन्ही काठ भरून कावेरी चालली होती. मी म्हटलं, "पाच." आत्या म्हणाली, "मग? दादा खोटें बोलेल?"

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याने पाण्यात फुलं सोडली, माझ्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, मग पायरीवर डबे उघडले: चिंचेचा भात, नारळाचा भात, दहीभात. ओळखीच्या चार-पाच बायका जमल्या. आत्याने मला पुढे केलं, "दादाची लेक. मस्कतहून आली." एका म्हातारीने पानावर भात वाढता वाढता पुसलं, "तीस मराठी येते का?" आत्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. म्हणाली, "येते. थोडें विचित्र आहे. शिकेल." अवघ्या हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले, तोंडात भात असताना, आणि ठसका लागला. त्या म्हातारीने माझ्या पाठीवर थापटलं. तुम्ही तिथे असता तर माझी बाजू घेतली असतीत, हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच मग थोडं रडले. आत्याला सांगितलं, चिंचेचा भात तिखट होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. आत्याला वाचून दाखवीन म्हटलं होतं, पण आता वाटतं, राहू दे. कॅनडाचे कागद गेल्या आठवड्यात झाले. धाकट्याला म्हटलं, पुढच्या वर्षी बघू, महिनाभर येऊन जाईन. तो चिडला नाही. म्हणाला, तुझा आवाज बदललाय, शेवटी वर चढतोय.

एक सांगायचं राहिलं. परवा बाजारात केळीची पानं घेत होते. पानवालीने विचारलं, गाव कोणतं? मी म्हटलं, हेच. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, मग तमिळ असं कसं? मी तिला म्हटलं, मधे काही वर्षं बाहेर होते. किती, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.