बारा महिने चालणारा हात

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनातही फारसं बोलले नाही. श्राद्धाला पान वाढलं, फोटोला हार घातला, झालं. माणूस गेलं की त्याचे दोष विसरले जातात म्हणे. माझ्याकडून काही विसरलं गेलं नाही. आज अकोल्याला जाऊन लेकीला डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. तुझी नात, जिला तू पाहिलं नाहीस. सोळा संपून सतरावं लागलंय तिला, आणि सहा महिने पाळी आलेली नाही. परत येताना बसमध्ये तुझी इतकी चीड आली की शेजारच्या बाईने, मळमळतंय का, म्हणून मला खिडकीची जागा दिली. घरी आल्याबरोबर हे लिहायला बसले आहे.

बडनेऱ्याच्या अलीकडचा आपला मळा आठवतो ना? झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेने निशिगंध. सकाळी तू फाटकाशी उभी आहेस, पदर खोचलेला, आणि तोडणीला आलेल्या एकेका बाईला आत सोडण्याआधी विचारते आहेस, "दूर तं नाही ना वो?" पाळी असलेल्या बाईने फुलाला हात लावायचा नाही, कारण फूल देवाला जाणार. बाया खाली बघून नाही म्हणायच्या. त्यातल्या निम्म्या खोटं बोलतात हे तुला माहीत होतं, पण विचारल्याने तुझं कर्तव्य संपत होतं. त्याच झेंडूवर बाबांनी आदल्या दिवशी फवारा मारलेला असायचा, वासाने डोकं उठायचं. तीच फुलं पोत्यात कोंबून, त्या पोत्यांवर माणसं बसून अमरावतीच्या बाजारात जायची. देवाला औषध चालत होतं, गड्याचं बूड चालत होतं, पोरीबाळींचे हात तेवढे चालत नव्हते. आता हे आठवलं की हसू येतं, पण ते हसू काही चांगलं नसतं.

मी पंधरा वर्षांची होते. वर्षभर पाळी जेमतेम चार-पाचदा आली असेल, मग बंदच झाली. सहाव्या महिन्यात मी धीर करून स्वयंपाकघरात तुझ्यापाशी आले. तू भाकरी थापत होतीस. मी सांगितलं तर तू हात न थांबवता म्हणालीस, "बरंच हाय ना मंग. महालक्ष्म्या तोंडावर आल्या, मंग नवरात्र. देवालेच काळजी आपली." भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस, विषय संपला. त्या मोसमात मी शाळा बुडवून एक दिवस न चुकता हार गुंफले. चुलत बहिणी, काकू, मजूर बाया, सगळ्यांना चार दिवस बसावं लागायचं, मला नाही. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, "आमच्या पोरीचा हात बारा महिने चालते." एखादी दुभती म्हैस दाखवावी तशी मला दाखवायचीस. दिवाळीला मला चांदीच्या तोरड्या केल्यास, भावाला काही नाही. मी त्या पायात घालून गल्लीभर फिरले. मूर्ख तू एकटी नव्हतीस, मीही होते, पण मी पंधरा वर्षांची होते आणि तू चार लेकरांची आई होतीस.

आणि खायला काय होतं आपल्याकडे? फुलांच्या दिवसांत चुलीला वेळ नाही. सकाळी चहा-टोस्ट, दहाला चहा-टोस्ट, दुपारी रात्रीचा भात तिखट-तेल लावून, संध्याकाळी फाट्यावरच्या गाडीवरून आलूबोंडे नाहीतर गिला वडा, आणि मधेमधे पाक म्हणावा इतका गोड चहा. बांधावर लावलेली पालक-मेथी फुलांच्या पोत्याबरोबर बाजारात. दिवसभर मांडी घालून बसायचं आणि सुई चालवायची. मी फुगत गेले. हनुवटीवर राठ केस आले, मान काळी पडली, तोंडभर पुटकुळ्या. ती काळी मान तू घासणीने घासलीस, मळ समजून. रक्त आलं तेव्हा थांबलीस. मग तुझी दुसरी हुशारी सुरू झाली. चार बायांसमोर म्हणालीस, "खाऊन खाऊन फुगून राहिली, इले उपास धराले लावते." सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला काय, तर साबुदाण्याची उसळ, तळलेले आलू आणि पुन्हा चहा. सकाळी उपाशी ठेवायचं, दुपारी तेलासाखरेने पोट भरायचं, आणि वजन उतरत नाही म्हणून पोरीला बोलायचं. याला तू शिस्त म्हणायचीस. तुझा हात कुणी धरला नाही, कारण गल्लीत सगळ्याच तुझ्यासारख्या होत्या.

डॉक्टर तुझ्या हिशेबात तापापुरता होता. "लगन झालं का सारं जागेवर येते," हा तुझा इलाज. लगन झालं, काही जागेवर आलं नाही. सात वर्षं मूल नाही. तू मला मोझरीला दर्शनाला नेलंस, कुठल्या कुठल्या बाबाचा अंगारा आणलास आणि एकदा मोठ्या काकूंसमोर म्हणालीस की पोरीने पाळीत फुलाला हात लावला असेल, त्याचं हे फळ. कोणत्या पाळीत, आई? ती येत होती कुठे? मला तेव्हा तिथून उठून जाता आलं असतं. मी चहा ओतत राहिले. शेवटी नवऱ्याने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कागदावर अंडाशय काढून दाखवलं, दहा मिनिटांत सगळं समजावलं. नाव पीसीओएस. ही गोष्ट पंधराव्या वर्षी कळली असती तर निदान वेळेवर जेवले असते, चालले असते, स्वतःला शापित समजले नसते. तू पुढच्याच वर्षी गेलीस. मी फार रडले नाही, हे खरं सांगते.

आता मी अमरावतीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. तेच अंडाशय फळ्यावर काढते. दरवर्षी दोन-तीन मुली तास संपल्यावर रेंगाळतात, मला ओळखू येतं. मग मी त्यांच्या आयांना बोलावते. एक म्हणते, मॅडम, तिचं रात्रीचं जेवण बंद केलंय. दुसरी मोबाइलवर बघून महिनाभर दालचिनीचं पाणी पाजते, आणि पोरीच्या डब्यात खारी. तिसरी पोरीसमोरच सांगते, "इची दाढी पाहून कोण करन इले?" मी त्या बायांना झोडपते. बोलताना मला प्रत्येकीच्या जागी तूच दिसतेस. त्या घाबरून पदर सारखा करतात आणि मला बरं वाटतं. अडाणीपणाची मला किळस आहे, आई. तुझी पोर असल्यामुळे तर जास्तच.

लेक दीड वर्षापासून अकोल्यात वसतिगृहात असते, मेडिकलच्या क्लाससाठी. मेसमध्ये मैद्याच्या पोळ्या आणि आलू. तिथल्या पोरी दिवसभर काही खात नाहीत, संध्याकाळी नूडल्सवर तुटून पडतात, पहाटेपर्यंत जागतात. तिचंही तसंच चाललंय. आज डॉक्टरीणबाईंनी तिला नीट बसवून विचारलं, वजन केलं, मान बघितली, रक्त तपासायला दिलं. नुसत्या सोनोग्राफीवरून या वयात ठरवायचं नसतं, म्हणाल्या. "उपाशी राहायचं नाही बेटा. ज्वारीची भाकर खा, वरण खा, अंडं चालत असेल तर खा, भाजी पोटभर. रोज चालायचं आणि झोपायचं. हा तुझा दोष नाही." लेकीने मान हलवली. तिच्या हनुवटीवर ब्लेडची बारीक जखम होती, ती मला तिथे पहिल्यांदा दिसली. मी तिची आई, आणि मला ती एका परक्या बाईच्या टेबलावरच्या दिव्यात दिसली.

मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहीत लिहीत मला विचारलं, घरी कधी कळलं? मी म्हटलं, मागच्या आठवड्यात.

लेकीने मला तीन महिन्यांपूर्वीच फोनवर सांगितलं होतं. मी उत्तरपत्रिका तपासत होते. ती म्हणाली, "आई, तीन महिने झाले गं, आलीच नाही." मी म्हटलं, "बरं झालं, आता टेस्ट सुरू आहेत, चार दिवस वाया जात नाहीत तुझे." नंतर दोन-तीनदा तिने विषय काढला, तेव्हा परीक्षेचा ताण असेल म्हटलं आणि मार्क विचारले. जीवशास्त्राचे.

डॉक्टरीणबाईंनी खात्री करायला तिच्याकडे पाहिलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "हो, मागच्याच आठवड्यात सांगितलं मी." वसतिगृहाच्या दारात सोडताना मी तिला डाळ-भाजीबद्दल पुष्कळ सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं. तिची माफी मागायला मोबाइल हातात घेतला होता. दोन ओळी जमेनात, म्हणून तुला एवढं लिहिलं.