ती झोपलेली नव्हती

व्यायामाच्या बाईंना नमस्कार,

उशिरा लिहितोय, माफ करा. आधीची दोन पत्रं खिशातच राहिली.

आठ दिवस मी तुम्हाला "ती झोपलीय" सांगून दारातूनच परत पाठवलं. ते खोटं होतं. डॉक्टरांनी हात टेकल्यावर आता व्यायामाचे हाल कशाला, असं मला वाटलं. ती आतून सगळं ऐकत होती.

काल म्हणाली, "अहो, मला काय पळायचंय? एकदा तुमच्यासमोर खुर्चीत बसून चहा प्यायचाय. बाईंनी बसवलं असतं."

मग मीच तिला काखेत धरून उचलायला गेलो. ती कळवळली. वर म्हणते, "पोतं आहे का मी?"

खुर्ची पलंगाशी लावून ठेवलीय. ती अजून आहे, चहाची वाट बघतेय. कधी येताय, लवकर कळवा.

तुमचा अपराधी,
तिचा नवरा