मोज्यातून आलेल्या फांद्या

आबा, परवा तुमच्या लेकानं तुमचीच करामत माझ्यासमोर करून दाखवली, म्हणून लिहायला बसलेय. परदेशातून सुट्टीवर आला, साताऱ्याच्या घरात बॅग उघडली आणि ओल्या मोज्यात गुंडाळलेल्या, बोन्सायला लागणाऱ्या जुनिपर झाडाच्या फांद्या ओट्यावर ठेवल्या. "घे ताई. तुझं पाइनचं बी विमानतळावर जाळलं न्हवं? आबांनी आणलं तसंच आणलंय बघ." आणि हसला.

माझं बी जाळलं, हे खरं. गच्चीवर मी बोन्सायचे वर्ग घेते, येणाऱ्या बायकांना परदेशी पाइन हवा असतो. रीतसर परवाना काढून बी मागवलं, पण तिकडच्या विक्रेत्यानं ते निरोगी असल्याचा सरकारी दाखला जोडलाच नव्हता. विमानतळावरून फोन आला, "मॅडम, दाखल्याशिवाय सोडता येत नाही. नष्ट करावं लागेल." मी त्या माणसाला वाट्टेल ते बोलले. फोन ठेवला आणि आईचं डाळिंब आठवलं. मग त्या माणसावरचा राग राहिलाच नाही. सगळा तुमच्याकडे वळला.

तुम्ही आफ्रिकेतल्या शांतिसेनेची ड्यूटी संपवून घरी आलात तो दिवस. आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपाशी बसून फौजी मोजे उलगडताय, आत रानऑलिव्हच्या काटक्या. "कस्टमवाल्याच्या नाकाखालनं आणल्यात," म्हणालात. पुढे हीच गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात रंगवून सांगितलीत. लोक मांडीवर थाप मारून हसायचे.

त्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र कधी सांगितला नाहीत. गच्चीवर तुमच्या ऑलिव्हशेजारी आईची एकुलती एक कुंडी होती. आजी गेल्यावर माहेरच्या, आटपाडीच्या परसातून फांदी आणून तिनं लावलेलं डाळिंब. परस नंतर विकलं गेलं, झाड एवढंच उरलं. लिंबाएवढी फळं यायची, ती कुणाला तोडू द्यायची नाही. वर्षभरात त्याच्या फांद्यांवर काळे खवले चढले, पानं चिकट झाली, मग काजळी. "आवं, ह्याला काय झालंय बघा की," आई म्हणाली. तुम्ही खाली वाकलाही नाहीत. "पानी लय घालतीस तू. बुडवून मारलंस झाडाला."

वाटीनं पाणी घालायची हो ती! झाड वाळलं आणि तिनं पुन्हा कुंडीला हात लावला नाही. मी वर्ग सुरू केले तेव्हा चल म्हटलं, तर म्हणाली, "नको बाई, माझ्या हातानं झाड जगत न्हाई." हेच मनात धरून ती गेली.

आणि तुम्हाला माहीत होतं. पाण्याच्या टाकीमागे बसून जुन्या ब्रशनं ऑलिव्हवरचे तेच काळे खवले घासताना मी तुम्हाला पाहिलंय. तेव्हा वाटलं, आबा किती निगा राखतात! वर्ग सुरू करून बरीच वर्षं झाल्यावर सांगलीला बागकामाचा कोर्स करायला गेले, तिथं शिकवणाऱ्या बाईंनी भिंगाखाली तसेच खवले दाखवले. म्हणाल्या, कलमाबरोबर येते ही कीड, म्हणून तर तपासल्याशिवाय बाहेरचं झाड आत घेत नाहीत. तोवर तुम्ही दोघंही नव्हतात. भांडू कुणाशी? आयुष्यभर हुकूम पाळलेत, जवानांना शिस्त शिकवलीत, आणि घरात बायकोला एवढं म्हणता आलं नाही, की अगं, तू नाही मारलंस. ऑलिव्ह जगला तुमचा. पाहुण्यांना दाखवत राहिलात.

परवा हे सगळं भावाला सांगितलं. तो म्हणाला, "एका डाळिंबापायी आबांना चोर ठरवतीस व्हय?"

"डाळिंबापायी न्हवं. आईपायी."

"मेलेल्या मान्साशी कसलं भांडतीस!" म्हणाला आणि ताटावरून उठून माधवनगरला सासुरवाडीला निघून गेला. अजून फोन नाही. मी फांद्या गच्चीवर नेल्या आणि घमेल्यात जाळल्या. मोजासुद्धा.

हे पत्र तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही. लिहून झालं की फाडीन. राग गेलेला नाही, जाईलसं वाटतही नाही. पण एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही म्हणून. घमेल्यात टाकण्याआधी त्यातली सगळ्यात वाकडी फांदी मी उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि तिला वळण द्यायला तार कुठून घालायची ते ठरवलंसुद्धा. मग काडी ओढली.