घसा बसलेला नाही

८ जुलै
पाळी चुकून दोन महिने झाले. सासूबाईंनी आज पाण्याची कळशीही उचलू दिली नाही. "आते जड काही उचलू नको, पोरी. देवनी कृपा शे." माझ्या-अविच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांचा तरी काय दोष. टेस्ट दोनदा केली, दोन्हीदा नाहीच. त्यांना सांगायचा धीर होत नाही. अविला सांगितलं. "बघू," म्हणाला आणि दुकानात गेला.

२ ऑगस्ट
सासूबाईंना कळलं. कळशी पुन्हा माझ्या हातात दिली. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं. इथल्या डॉक्टरांनी पाळी येण्याच्या गोळ्या दिल्या. पुन्हा. डोक्यावरचे केस विरळ होतायत, हनुवटीवर उगवतायत. पार्लरवाली म्हणते, "ताई, लवकर आलात या वेळी." आरशाचा कंटाळा आलाय.

२७ ऑगस्ट
सहावीला कविता शिकवायला घेतली, वरचा सूर लागेचना. पोरं फिदीफिदी हसली. हळद-दूध, ज्येष्ठमध, गुळण्या, सगळं करून झालं. घसा दुखत नाही, बसलेलाही नाही. आवाजच खाली गेलाय.

१४ सप्टें.
धुळ्याला आईला फोन केला. "जावईबापू, वैशालीला द्या ना जरा." आई, मीच बोलतेय म्हटलं. मग ती रडली, मी पण. तिनेच हट्ट धरला, जळगावला मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखव म्हणून.

१९ सप्टें.
जळगाव. मॅडमनी मला बोलू दिलं आणि मधेच थांबवलं, "आवाज कधीपासून असा?" आजवर कुणी विचारलं नव्हतं. रक्त, सोनोग्राफी. उजव्या अंडाशयात गाठ. ती पुरुषी हार्मोन बनवते. म्हणून पाळी बंद, म्हणून केस, म्हणून आवाज. एरंडोलला घरी परतताना अविबरोबर पाळधीला चहा घेतला, तो त्याने अर्धा टाकला.

३० सप्टें.
उद्या ऑपरेशन. उजवं अंडाशय काढणार. डावं चांगलं दिसतंय, पण ठेवायचं की नाही ते उघडल्यावर ठरेल. थकले आता, होऊन जाऊ दे एकदाचं. अविने विचारलं, "आवाज परत येईल ना?" मॅडम म्हणाल्या, डावं राहिलं तर पाळी येईल, केस कमी होतील, आवाजाचं सांगता येत नाही.

मी म्हटलं, आवाज राहू दे असाच, डावं तेवढं वाचवा. मूल झालंच तर त्याला माझा दुसरा आवाज कुठे माहीत असणार?

मॅडमनी माझा हात दाबला. हो म्हणाल्या नाहीत.